गासड्यांच्या खोलीतला कर्णा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नरसाळेच म्हणाल आणि त्यात तुमची काही चूक नाही. या घरात धान्याचे पिंप भरायचे असले की मला खुंटीवरून काढतात, पिंपाच्या तोंडावर उभा धरतात आणि माझ्या पसरट तोंडात धान्य ओततात. ते निमूटपणे अरुंद तोंडातून खाली जाते. काम झाले की मी पुन्हा खुंटीवर. पण मी एक जुना कर्णा आहे. पूर्वी माझा कारभार याच्या उलट चाले. अरुंद तोंडाशी कुणीतरी ओठ लावी आणि पसरट तोंडातून ते बोलणे गिरणीच्या फाटकापर्यंत जाई.

माझा जन्म तेलाच्या रिकाम्या पिंपाच्या पत्र्यातून झाला. गिरणीच्या दुरुस्तीखात्यात एक पत्रेकाम करणारा होता. त्याची धाकटी बहीण त्याच गिरणीत मागावर कापड विणत असे. नवऱ्याचा मार खाण्यापेक्षा भावाच्या दारात राहिलेले बरे, असे म्हणून ती घर सोडून आली होती. भावाची बायकोही मागावरच होती आणि नणंदेला रीतीप्रमाणे 'वन्सं' म्हणे. वन्सं म्हणजे नवऱ्याची बहीण, हे हल्लीच्या मुलांना सांगावे लागते. सासरी तिचा दरारा असतो. तर या वन्संचा दरारा घरात कमी आणि गिरणीत जास्त होता. मग सगळे मागखातेच तिला वन्सं म्हणू लागले. तिच्याहून वयाने मोठ्या बायकासुद्धा.

एके दिवशी ती भावाला म्हणाली, "दादा, मला मोठा आवाज करून दे."

"तुला?" दादा हसला. "अगं, तुझा आवाज याहून मोठा केला तर गिरणीला भोंगा लागायचा नाही."

"वन्सं घरात बोलल्या तरी माझ्या भांड्यांना पोचे पडतात," वहिनी म्हणाली.

हसता हसता दादाने पत्रा कापला, ठोकळ्यावर गोल केला, जोडावर डाग दिला, धरायला कान लावला आणि अरुंद कडा दुमडून बोटाने फिरवून पाहिली, बहिणीच्या ओठांना लागू नये म्हणून. माझ्या अंगावरचा तो पहिला मायेचा हात. वन्संने मला तोंडाला लावले आणि ओरडली, "वहिनी, चहा टाक!" समोरच्या बिऱ्हाडातून कुणीतरी उत्तर दिले, "आमचाही टाका!"

बायकांना कर्णा कशाला हवा होता, ते सांगतो. मागखात्यात आडवे सूत घेऊन इकडून तिकडे पळणारे शेकडो धोटे एकाच वेळी धावत असतात. त्या खडखडाटात कानाशी येऊन ओरडले तरी ऐकू येत नाही. म्हणून मागावरच्या बायका आवाज न काढताच बोलत. ओठ नीट हलवायचे, जोडीला हातांच्या खुणा करायच्या, आणि चार माग पलीकडची बाई ते वाचायची. सासूच्या कागाळ्या, जॉबरची म्हणजे मागांवरच्या मुकादमाची नक्कल, कुणाला दिवस गेलेत, सगळे ओठांवर. या ओठांच्या बोलीत त्या पटाईत होत्या. पण बाहेर मैदानात सभा भरली की तिथे मोठ्या छातीच्या पुरुषांचे राज्य. बायका बोलायला उभ्या राहिल्या की मागून आवाज यायचा, "बाई, जरा जोरात! चुलीपाशी नाही बोलताय!"

मी आल्यावर ते थांबले. जॉबर मागांच्या अरुंद वाटेतून बायकांना मुद्दाम घासून जाई, हे वन्संने माझ्यातून भर फाटकात त्याच्या तोंडावर सांगितले, तेव्हा तो लाल झाला आणि मैदान चिडीचूप झाले. बायकांच्या मोरीला आतून कडी नव्हती. ती कडी मी मागितली. रोज सुटीच्या वेळी, न कंटाळता. शेवटी व्यवस्थापक वैतागून म्हणाला, "लावा रे एक कडी त्या बाईच्या तोंडाला!" आणि कडी मोरीला लागली. त्या दिवशी बायकांनी मला राखेने असे घासले की माझ्यात त्यांना आपापले चेहरे दिसले. मित्रांनो, तेवढा लखलखीत मी पुन्हा कधी झालो नाही.

पुढच्या वर्षी वहिनीला मुलगी झाली.

त्या काळी बाळंत बाई फार दिवस घरी राहिली तर तिचा माग दुसरीला मिळे. वहिनी अंग पुरते सावरण्याआधीच कामावर आली. बाळ अंगावर पिणारे, घरातली सगळी माणसे गिरणीत, शेजारीपाजारी तीच गत. मग बाळाला ठेवायचे कुठे? इतर बायका ठेवत तिथेच. कांड्यांच्या लाकडी पेटीत, मऊ चिंध्यांवर, मागाच्या खाली. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची नळी. त्या पेटीत निजते म्हणून बायका बाळाला लाडाने कांडी म्हणू लागल्या. तेच नाव पडले.

कांडी पहिल्यांदा आवाजाने दचकून निळी पडेपर्यंत रडली. मग हळूहळू शांत झाली. माग धडाडत असले तरी गाढ झोपे. बायका तिचे कौतुक करीत. त्यांच्यात समजच तशी होती, की मागाच्या आवाजाला सरावलेले मूल म्हणजे गुणी मूल.

"किती शहाणी माझी पोर," वहिनी म्हणे, "हूं की चूं करत नाही."

वन्संला मात्र काहीतरी खटकत होते. एकदा घरी तिच्या हातून पातेल्याचे झाकण जमिनीवर आपटले. शेजारचे मांजर तीन ताड उडाले. कांडी आपल्या पायाचा अंगठा चोखत राहिली. वन्संने मला खुंटीवरून काढले. ती बाळाच्या पाठीमागे बसली, मला तोंडाला लावले आणि पहिल्यांदा हळू, मग मोठ्याने, मग जिवाच्या आकांताने हाक मारली, "कांडी!"

शेजारी धावत आले. दादा बाहेरून धावत आला. कांडीने मान वळवली नाही.

मग वन्सं मला बाजूला ठेवून तिच्यासमोर आली. तिचा चेहरा दिसताच कांडी बोळके पसरून हसली. घरात दुसरे कुणीही हसले नाही.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "अजून थोडं ऐकू येतंय तिला. त्या आवाजातून आधी बाहेर काढा, म्हणजे आहे तेवढं तरी टिकेल. उशीर करू नका."

गिरणीच्या फाटकाशेजारी एक खोली होती. पूर्वी तिथे कापसाच्या गासड्या ठेवीत. आगीच्या भीतीने तिच्या भिंती हातभर जाड बांधल्या होत्या. गासड्यांसाठी नवे गोदाम झाल्यापासून ती रिकामी पडली होती. तिला दोन खिडक्या होत्या आणि आत गेले की माग ऐकूच येत नसत. ती खोली बाळांना द्या, आणि आयांना मधे एकदा तिथे जाऊन पाजू द्या, एवढीच आता वन्संची मागणी होती. ती रोज माझ्यातून तेच म्हणे. तिच्या घशात आधीच गिरणीत उडणारे कापसाचे तूस बसले होते, बोलता बोलता खोकल्याची उबळ येई. माझ्या तोंडाशी तिचा श्वास तापलेला लागे. मला वाटे, मी आणखी थोडा मोठा असतो तर तिला एवढा घसा ताणून बोलावे लागले नसते. पण पत्र्याला काय वाढता येते?

त्याच सुमारास कामगार संघाचे अध्यक्ष पगारवाढीसाठी संप पुकारणार होते. ते वन्संकडे आले. बायकांनी माग थांबवल्याशिवाय संप उभा राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होते.

"पहिली मागणी खोलीची," वन्सं म्हणाली. "मग पगार."

"पहिली म्हणजे पहिली," अध्यक्ष म्हणाले. "आमच्यावर विश्वास नाही का, वन्सं?" ते तिला हसून वन्सं म्हणत. सगळ्यांनाच त्याचे कौतुक वाटे.

माग थांबले. इतक्या शांततेची बायकांना सवय नव्हती. त्या एकमेकींशी उगाच ओरडून बोलत आणि मग हसत. संप लांबला. डबे रिकामे झाले, चुली दिवसातून एकदाच पेटू लागल्या. पण कांडी त्या दिवसांत घरीच होती. वहिनी सांगे की परवा दार वाजले तर हिने डोळे मिटले, खरेच मिटले. वन्सं रोज मला फिरवून फिरवून हाका मारून पाही. एकदा, फक्त एकदा, माझ्या आवाजाने कांडीने मान वळवली. त्या हाकेहून मोठे काम माझ्या हातून आयुष्यात झाले नाही.

आणि मग ती सकाळ आली. दादा मला खुंटीवरून काढू लागला.

"कुठे नेतोस रे दादा?" वन्संने विचारले.

"अध्यक्षांचा घसा बसलाय. आज तडजोड सांगणार आहेत. सभा झाली की आणतो."

"खोलीचं काय झालं?"

"मला काय माहीत. ते सांगतील ना." तो तिच्याकडे न बघता चपला शोधत होता. चपला त्याच्या पायातच होत्या.

मैदान फुलून गेले होते. अध्यक्ष ओट्यावर उभे राहिले आणि त्यांनी मला तोंडाला लावले. मित्रांनो, माझ्यासारख्याला निवड नसते. जे येईल ते मोठे करून बाहेर टाकायचे, एवढाच माझा धर्म. पगारवाढ मिळाली, असे मी म्हणालो. मैदान जल्लोषाने उसळले. उद्यापासून नाही, आत्तापासून कामावर हजर व्हा, असे मी म्हणालो. आणि त्या जल्लोषाच्या पोटात, घाईघाईने, मी असेही म्हणालो की खोलीच्या प्रश्नाचा पुढे योग्य वेळी विचार करू, असे मालकांनी कबूल केले आहे. हे सगळे मी म्हणालो. ज्या पत्र्यातून कांडीला हाका गेल्या होत्या, त्याच पत्र्यातून.

वन्सं एका हातगाडीवर चढली. ती ओरडत होती, हात हलवत होती. पण तिच्याजवळ आता मी नव्हतो आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगाही सुरू झाला.

"वन्सं काय म्हणतात ते ऐकू येत नाही!" अध्यक्ष माझ्यातून म्हणाले. पुरुष खो खो हसले.

वन्संने तोंड मिटले. मग तिने ओठ हलवायला सुरुवात केली. आवाज न काढता, मागावर बोलत तशी, सावकाश, नीट, हातांच्या खुणा करीत.

"हिला झालं काय? दातखीळ बसली की काय?" ओट्याजवळचा एकजण म्हणाला.

पण मैदानाच्या टोकापर्यंत बायका गप्प होत गेल्या. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. तिने काय सांगितले ते मला कळले नाही. मी ओठांपाशी आयुष्य काढले, पण ओठ वाचायला कधी शिकलो नाही. एवढे पाहिले, की तिचे बोलणे संपले आणि फाटकाच्या दिशेने निघालेल्या बायका होत्या तिथे खाली बसल्या. सगळ्यांत पुढे वहिनी, मांडीवर कांडीला घेऊन.

अध्यक्षांनी मला खाली केले आणि दादाला म्हणाले, "आधी तुझी बायको उठव."

दादा गेला. "ऊठ गं," तो हळू म्हणाला. "लोक बघतायत."

"बघू देत," वहिनी म्हणाली. "इतके दिवस कुठे बघत होते?"

दादा थोडा वेळ तिच्यापाशी उभा राहिला. त्याने कांडीच्या डोक्यावर हात ठेवला. मग पुरुषांचा लोंढा आला, तो बसलेल्या बायकांना वळसा घालून फाटकातून आत जाऊ लागला, आणि त्या लोंढ्यात दादाही आत गेला.

बायका काही दिवस बसून राहिल्या. पण फाटकाबाहेर काम मागणाऱ्या बायकांची कधी वाण नव्हती. त्या भुकेल्या होत्या, त्यांना तरी काय बोलणार? एकेक माग नव्या हाताखाली जाऊ लागला, तशा बसलेल्या बायका एकेक करून उठल्या. पोटाची खळगी कुणाला चुकली आहे? वहिनी सगळ्यांत शेवटी उठली. वन्सं उठली नाही, म्हणून तिला पोलिसांनी उचलले आणि पुढे शहरातून तडीपार केले. कांडी पुन्हा पेटीत गेली.

माझे काय झाले, विचाराल. दादा मला परत आणणार होता. पण अध्यक्ष म्हणाले, "राहू दे, संघाच्या कामाला येईल." कामगार संघाला मालकांनी नुकतीच कचेरी दिली होती. मोठी सोय झाली, हवेशीर, दोन खिडक्यांची. हो, मित्रांनो, तीच. गासड्यांची खोली. तिथल्या भिंतीवर एक खिळा ठोकून मला टांगले.

त्या खोलीत इतकी शांतता होती, की टेबलावरचा कागद हलला तरी ऐकू येई. भिंतीपलीकडे माग धावत होते, मला फक्त खिळ्यातून बारीक थरथर जाणवे. कांडीसाठी मागितलेली शांतता मला मिळाली. मी तिचे काय करणार होतो?

एकदा वहिनी तिथे आली, कडेवर कांडीला घेऊन. आता ती चालण्याजोगी झाली होती.

"साहेब, खोलीचं तेवढं बघा," वहिनी म्हणाली.

"बाई, मन आहे हो आमचं," अध्यक्ष खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "पण खोली रिकामी आहे कुठे?"

वहिनीने छताकडे, दोन्ही खिडक्यांकडे आणि शेवटी माझ्याकडे पाहिले. कांडीने मला पाहून हात पुढे केला. तिने मला ओळखले असावे. वहिनी तिला घेऊन निघून गेली. मी एवढा मोठ्या तोंडाचा, पण मला हूं म्हणता आले नाही.

पुढे संघाने विजेवर चालणारा ध्वनिक्षेपक घेतला आणि मला भंगारात टाकले. भंगार तोडायचे काम दादाकडेच होते. त्याने मला ढिगातून उचलले, तुटलेल्या जोडाला पुन्हा डाग दिला आणि घरी आणून जुन्या खुंटीवर अडकवले. घरात कुणी त्याला काही विचारले नाही.

काही वर्षांनी तडीपारी संपून वन्सं परत आली. अंगाने निम्मी झाली होती. तिने मला पाहिले, खाली काढले, पदराने पुसले आणि तोंडाला लावले. माझ्या आत नुसता वारा आला. तुसाने तिचा घसा कायमचा नेला होता. तिने पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग मला खुंटीवर ठेवून माझ्या पाठीवर थापटले, म्हातारा बैल गोठ्यात बांधताना थापटावे तसे.

तोवर कांडीचे उरलेसुरले ऐकणेही गेले होते. वहिनीने आणि वन्संने मिळून तिला मागखात्याची बोली शिकवली. त्या घरात मग खूप बोलणे होऊ लागले. ओठांनी, हातांनी, भुवयांनी. तिघी पोट धरधरून हसत. मला त्यातले एक अक्षर कळत नसे. आणि मला एक सोबती होता. दादा कोपऱ्यात बसून विचारी, "काय म्हणतेय ती? मला सांगा ना कुणीतरी."

"तुमच्याबद्दल नाही," वहिनी म्हणे. म्हणजे ते त्याच्याबद्दलच असे.

वन्सं शेवटपर्यंत फाटकावर जात राहिली. पाळी सुटताना ती समोरच्या पायरीवर उभी राही आणि आवाजाशिवाय बोले. मागावरून आलेल्या बायका थांबून पाहत. भाषण टिपून घ्यायला पाठवलेला पोलीस पेन्सिल चावत बसे. पण खोली कधीच झाली नाही. आधी वन्सं गेली, मग गिरणीच बंद पडली.

दादा म्हातारपणी ओठांची बोली शिकायला बसला. त्याला ती कशीबशी जमली, पण कांडीला त्याचे बोलणे कळेना. त्याच्या झुबकेदार मिशा ओठांवर येत. त्या मिशांचा त्याला केवढा अभिमान! एके सकाळी तो खिडकीपाशी आरसा टेकवून बसला आणि त्याने त्या उतरवल्या. मग तो कांडीसमोर जाऊन बसला. त्याने ओठ हलवले. फार वेळ हलवले. त्याचे डोळे वाहत होते. कांडीने त्याच्या उघड्या पडलेल्या ओठांवर हात ठेवून ते थांबवले. तो काय म्हणाला, ते फक्त तिलाच ठाऊक आहे.

आज त्याच कांडीआजीच्या घरी मी खुंटीवर असतो. धान्य ओतताना तिचा तळहात माझ्या अंगावर असतो, आणि दाणे सळसळत गेले की ती थरथर जाणवून ती गालात हसते. तेवढेच आमचे बोलणे.

मित्रांनो, मला घासूनपुसून कपाटात ठेवा असे मी म्हणणार नाही. गंजणे पत्र्याच्या नशिबीच असते. एकच मागणे आहे. कधी तुमच्या हाती कर्णा आला, आणि तो कुणाच्या ना कुणाच्या हाती येतोच, तर बोलण्याआधी तो तोंडासमोरून थोडा बाजूला करा आणि समोरच्या गर्दीत नीट पाहा. कुठेतरी, मागच्या बाजूला, आवाज न येता कुणाचे तरी ओठ हलत असतील. मला ते कधी वाचता आले नाहीत. तुम्हाला डोळे आहेत.